चेहऱ्यावरून कॅमेरा हलवू नका

१९९० सालच्या एमटीव्ही व्हिडिओ पुरस्कारांचा निकाल आम्हा संकलकांनी पाठ करून ठेवावा असा आहे. उत्कृष्ट दिग्दर्शन, उत्कृष्ट छायाचित्रण आणि उत्कृष्ट संकलन हे तिन्ही पुरस्कार मॅडोनाच्या ‘व्होग’ला मिळाले. डेव्हिड फिंचरने केलेला तो व्हिडिओ देखणा आहे आणि त्याचं संकलनही त्या पुरस्काराच्या तोलाचं आहे. पण वर्षातला सर्वोत्कृष्ट व्हिडिओ म्हणून नाव पुकारलं गेलं ते दुसऱ्याच गाण्याचं. त्यात होती डोकं भादरलेली विशीतली एक आयरिश मुलगी. अंगात उंच गळ्याचा काळा स्वेटर, मागे अंधार आणि पडदाभर तिचा चेहरा. शिनेड ओ'कॉनरचं ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’. हा सर्वोच्च मान एखाद्या स्त्री कलावंताला मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

माझं आयुष्य मुंबईतल्या एडिट रूममध्ये गेलं. यू-मॅटिकच्या टेपा होत्या तेव्हापासून मी गाणी, मालिका आणि जाहिराती कापत आले. म्हणून हे ठामपणे लिहिते: आज मराठीत जी सिंगल्स निघतात, त्यांच्या व्हिडिओंना गाणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याची भीती वाटते. गाणं सुरू होतं न होतं तोच ड्रोन वर जातो, शेतं दिसतात, घाट दिसतो, स्लो मोशनमध्ये ओढणी उडते. गाणारी मात्र कुठेच नसते. असली तरी दोन सेकंदांच्या वर टिकत नाही. ही भीती अनाठायी आहे. कशी, ते या एका जुन्या व्हिडिओवरून दाखवता येतं.

व्हिडिओचे दिग्दर्शक जॉन मेबरी. पॅरिसजवळच्या सँ-क्लूच्या बागेत त्यांनी शिनेडला चालवलं. लांब काळा कोट, दगडी पायऱ्या, पुतळे, थंडीतली निष्पर्ण झाडं. अशी दृश्यं त्यांच्याकडे भरपूर जमली होती आणि त्यांच्यात गाणाऱ्या चेहऱ्याचा क्लोजअप मिसळायचा, असा बेत होता. म्हणजे आपण आजही करतो तेच. मग क्लोजअपचं चित्रीकरण झालं आणि बेत बदलला. गाण्याच्या शेवटाकडे परसातल्या फुलांची एक ओळ आहे. ती लावणारं माणूस निघून गेलं आणि फुलंही गेली, अशा अर्थाची. त्या ओळीत ‘मामा’ अशी हाक आहे. ती हाक तोंडातून निघाली आणि शिनेडला आपली आई आठवली. डोळे भरले. अश्रू गालावर उतरले. हे ठरवलेलं नव्हतं, हे तिने पुढे अनेकदा सांगितलं आहे.

आई १९८५ साली मोटार अपघातात गेली होती, शिनेड अठरा वर्षांची असताना. ही काही मायाळू आई नव्हती. तिने आपल्याला कसं मारलं, कसं छळलं हे शिनेडने २०२१ साली आलेल्या ‘रिमेंबरिंग्ज’ या आठवणींच्या पुस्तकात लिहिलं आहे. तरीही हे गाणं म्हणताना दर वेळी आपण आईजवळ असतो, तिच्याशी बोलत असतो, असंही तिने लिहिलं. ज्या बाईने मारलं तिच्यासाठीच हे रडणं होतं. म्हणूनच तो चेहरा नुसता दुःखी दिसत नाही. गाण्याच्या मध्यावर त्यात राग चढतो, भुवया आवळल्या जातात, आवाज वर चढून फाटू पाहतो. पुढच्याच ओळीला चेहरा पुन्हा लहान मुलीचा होतो. पाच मिनिटांच्या आत इतकं सगळं होऊन जातं आणि आपण ते बघू शकतो, कारण मध्ये कुणी आलेलं नाही.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगते. डोळ्यांत पाणी यायच्या सुमारास ती नजर खाली नेते. मग पुन्हा वर, थेट लेन्समध्ये बघते. संकलकाच्या टेबलावर हा हुकमी कट पॉइंट असतो. नजर खाली गेली की दुसरं दृश्य जोडायचं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात आणि ते चूक नाही. मेबरींच्या हाताशी सँ-क्लूचे दगडी पुतळे होते. दुःखी चेहऱ्याला जोडून पुतळा दाखवला असता तर कुणीही वाखाणलं असतं. बागेची दृश्यं त्यांनी वापरली आहेतच, पण इतरत्र. अश्रूच्या वेळी ते चेहऱ्यावरच थांबले. अश्रू डोळ्यातून निघतो, गालावरून सरळ खाली येतो, ती तो पुसत नाही आणि गाणं चालूच राहतं. दृश्य न बदलण्याचा निर्णय घ्यायला टेबलावर बसलेल्याला फार धीर लागतो. मागे निर्माता उभा असतो आणि ‘इथे काहीतरी टाक ना’ म्हणत असतो.

त्या चेहऱ्याला संगीताने जागा करून दिली, हेही सांगायला हवं. गाणं मूळ प्रिन्सचं. त्याने ते आपल्याच छत्राखालच्या ‘द फॅमिली’ या बँडला दिलं आणि १९८५ साली त्यांच्या अल्बममध्ये ते आलं, पण फारसं कुणाच्या कानावर गेलं नाही. प्रिन्सचं स्वतःचं १९८४चं ध्वनिमुद्रण तर तो गेल्यानंतर, २०१८ साली बाहेर आलं. शिनेडच्या गाण्यात सह-निर्माता नेली हूपरने फार थोडं ठेवलं: लांबवर पसरलेल्या तारवाद्यांसारखे सूर आणि संथ पडणारा ताल. बाकी सगळा भार आवाजावर. कुजबुजीपासून हाकेपर्यंत तो जातो आणि परत येतो. मागे वाद्यांचा कल्लोळ असता तर पाच मिनिटं एकच चेहरा कुणाला बघवला नसता. उघडा आवाज असला की उघडा चेहरा चालतो, उलट चेहरा मागतोच तो आवाज. आपल्याकडे आधी गाणं गच्च भरतात, मग ते पेलावं म्हणून व्हिडिओही गच्च भरावा लागतो.

मी हा व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला तो केबलची काळी वायर गच्चीवरून घरोघरच्या खिडक्यांत उतरू लागली होती त्या दिवसांत. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि टीव्हीसमोर उभी राहिली. तिला इंग्रजी येत नव्हतं. गाणं संपेस्तोवर ती हलली नाही. मग मला विचारलं, “हिचं कोण गेलं गं?”

तिच्या प्रश्नामागे काय होतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. आमच्या वाईच्या घरात आजीची मोठी जाऊ होती. सगळे तिला आक्का म्हणत. लहान वयात विधवा झालेली, सोवळी. आलवणाचा पदर कपाळावर ओढलेला. ठरावीक दिवसांनी न्हावी मागच्या दाराने यायचा आणि आम्हा मुलांना परसात जायची बंदी व्हायची. मी अगदी लहान असताना ती गेली. आमच्या घरच्या जुन्या ट्रंकेत लग्नांचे, मुंजींचे, बारशांचे फोटो आहेत, कुणाच्या तरी गाईचासुद्धा एक आहे. आक्काचा एकही नाही. तिचा चेहरा कॅमेऱ्यासमोर आणावा असं कुणाला वाटलंच नाही आणि तिलाही ते वाटू दिलं नाही. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं ठरवलं होतं. आमच्या आक्काच्या डोक्यापर्यंत तो निर्धार कधी पोहोचला नाही.

म्हणून माझ्या आईला भादरलेलं डोकं आणि गालावरचा अश्रू यांचा एकच अर्थ लागला. आणि कोण गेलं या प्रश्नाचं उत्तर, आम्हा दोघींनाही तेव्हा ठाऊक नसलेलं, खरोखरच ‘आई’ असं होतं. ते कळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

पण शिनेडच्या डोक्याची कथा आक्काच्या अगदी उलटी. लंडनमधल्या तिच्या रेकॉर्ड कंपनीतल्या माणसांनी तिला सांगितलं की केस वाढव, तोकडे स्कर्ट घाल, मुलीसारखी दिस. ती उठून न्हाव्याकडे गेली आणि होते तेवढेही केस काढून आली. गाणं विकायचं तर बाईने कसं दिसावं हे दुसऱ्याने ठरवायचं, हा व्यवहार तिने पहिला अल्बम यायच्या आधीच मोडला. त्याच सुमारास तिला दिवस राहिले. मूल आणि करिअर यांत निवड करायचा दबाव आला, असं तिने सांगितलं आहे. तिने दोन्ही ठेवलं. १९८७ साली मुलगाही झाला आणि ‘द लायन अँड द कोब्रा’ हा अल्बमही आला. १९८९च्या ग्रॅमी सोहळ्यात ती ‘मँडिंका’ गायली, तेव्हा भादरलेल्या डोक्याच्या एका बाजूला ‘पब्लिक एनिमी’ या रॅप समूहाचं चिन्ह रंगवलेलं होतं, कारण रॅपचा पुरस्कार त्या वर्षी टीव्हीवर दाखवायचा नाही असं आयोजकांनी ठरवलं होतं. आणि जीन्सच्या मागे लेकराचं झबलं लटकत होतं. बाळंतपणानंतर घरी बसायला सांगणाऱ्या सगळ्यांना ते झबलं दिसलं असेल.

हे सगळं मी यासाठी सांगते की त्या क्लोजअपची ताकद कॅमेऱ्यात शोधू नये. तसा कॅमेरा आज कुठल्याही कॉलेजातल्या पोराकडे असतो. ज्या चेहऱ्यावरचा प्रत्येक निर्णय त्या बाईने स्वतः घेतला होता, असा चेहरा त्या कॅमेऱ्यासमोर होता. दुसऱ्यांनी सजवून बसवलेल्या चेहऱ्यावर लेन्स पाच मिनिटं ठेवून बघा. दुसऱ्या मिनिटाला काही उरत नाही. मग कापावंच लागतं.

तोच चेहरा दोन वर्षांनी अमेरिकेला बघवेना. ३ ऑक्टोबर १९९२ रोजी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात तिने बॉब मार्लीचं ‘वॉर’ वाद्यांशिवाय गायलं आणि शेवटी पोप जॉन पॉल दुसरे यांचा फोटो कॅमेऱ्यासमोर फाडला. चर्चच्या छायेत मुलांवर होणारे अत्याचार झाकले जातात, हे तिला म्हणायचं होतं. फोटो कुठून आणला होता? तिच्या आईच्या खोलीच्या भिंतीवरचा होता तो. आई गेल्यावर तिने काढून घेतला आणि घर बदलत गेली तसा सोबत नेला. ज्या आईसाठी व्हिडिओत अश्रू आला, तिच्याच भिंतीवरचा तो फोटो. माझ्या मते ही दोन दृश्यं वेगळी काढून बघताच येत नाहीत. पहिल्यात दुःख आहे आणि दुसऱ्यात त्या दुःखाच्या मुळाशी असलेल्या व्यवस्थेकडे बोट दाखवणं आहे. दोन्ही वेळा ती सरळ लेन्समध्ये बघते आहे.

जगाने पहिलं दृश्य डोक्यावर घेतलं आणि दुसऱ्यासाठी तिला ठेचलं. वाहिनीने तिला कायमची बंदी केली. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर तिच्या रेकॉर्डी आणि कॅसेटी रोडरोलरखाली घातल्या. दोन आठवड्यांत मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॉब डिलनच्या गौरवाच्या मैफिलीत ती मंचावर आली, तेव्हा अर्ध्या प्रेक्षागृहाने हुर्यो केली. गायक क्रिस क्रिस्टॉफरसन तिच्याजवळ जाऊन धीर देऊन आला. ती ठरलेलं गाणं बाजूला ठेवून पुन्हा ‘वॉर’च म्हणाली, ओरडून, आणि आत जाऊन रडली. पुढे २००९ साली आयर्लंडमध्ये रायन आयोगाचा अहवाल आला. चर्चच्या संस्थांमध्ये मुलांना दशकानुदशकं कशी मारहाण झाली, त्यांचं लैंगिक शोषण कसं झालं, ते त्यात कागदोपत्री नोंदलं गेलं. मार्च २०१० मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी आयर्लंडच्या कॅथलिकांना पत्र लिहून खेद व्यक्त केला. तिने फोटो फाडल्याला तोवर सतरा वर्षं उलटून गेली होती.

पहिल्या क्रमांकाच्या गाण्याने माझी गाडी रुळावरून घसरली आणि फोटो फाडल्याने ती पुन्हा रुळावर आली, या अर्थाचं तिने ‘रिमेंबरिंग्ज’मध्ये लिहिलं आहे. मला तिचं हे म्हणणं पूर्ण पटत नाही. त्या गाण्यानेच तिचा चेहरा घराघरांत नेला. तो ओळखीचा झाला नसता तर फोटो फाडल्याची दखल कुणी घेतली असती?

आता पुन्हा आपल्याकडे येते. काही वर्षांपूर्वी एका मराठी सिंगलचं संकलन माझ्याकडे आलं. गायिका खेड्यातून आलेली, आवाजाला मातीचा दमदार पोत. व्हिडिओत मात्र तिच्या आवाजावर ओठ हलवत होती एक मॉडेल. रुशेस बघायला ती गायिका एडिट रूममध्ये आली होती. माझ्या मागच्या खुर्चीवर बसून आपल्याच गाण्यावर दुसरीचा चेहरा बघत होती. तिने एकच विचारलं, “ताई, माझं नाव तरी वर येईल ना?” नाव आलं, वर्णनात, खालच्या ओळीत, ‘आणखी पाहा’ दाबल्यावर दिसेल असं. कंपनीचा माणूस म्हणाला होता, चेहरा स्क्रीनला चालणारा नाही. मी तेव्हा वाद घातला आणि आजही घालीन. शिनेडही आहे तशी चालणार नाही, असंच तिच्या कंपनीला वाटलं होतं.

लोक थांबत नाहीत, पहिल्या तीन सेकंदांत काही घडलं नाही तर बोट वर सरकतं, असं मला तरुण दिग्दर्शक सांगतात. त्यांच्यावर खर्च वसूल करायचं ओझं असतं, ते मी समजू शकते. पण ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ हे काही चित्रपट महोत्सवात मूठभरांनी बघितलेलं काम नाही. ब्रिटनमध्ये ते चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, अमेरिकेतही चार आठवडे. तेव्हाही लोकांच्या हातात रिमोट होता आणि दुसरी वाहिनी एका बटणावर होती. लोक थांबले, कारण समोर एक माणूस खरं बोलत होतं आणि त्याला अर्ध्यात सोडून उठणं जमत नव्हतं. माझ्या आईसारखी, शब्द न कळणारी बाईसुद्धा थांबली. तीन सेकंदांत घडायला हवं ते हेच. त्याला ड्रोन लागत नाही.

आणि आपल्याला हे परकंही नाही. कीर्तनकार, भारुडकरी किंवा शाहीर समोर उभा राहून गातो, तेव्हा हजार माणसं त्याच्या तोंडाकडेच बघत असतात. लावणीच्या बैठकीत जाणकार बघतात ते बसून अदा करणारीच्या डोळ्यांकडे. गाणाऱ्याच्या चेहऱ्याची सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती मोडली गेल्या काही वर्षांतल्या व्हिडिओंनी आणि त्यांना प्री-वेडिंग शूटची जी कळा आली आहे तिने.

शिनेड २६ जुलै २०२३ रोजी लंडनमध्ये वारली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. ८ ऑगस्टला आयर्लंडमधल्या ब्रे या गावी समुद्राकाठच्या रस्त्यावरून तिची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा दुतर्फा हजारो लोक उभे होते. तिने २०१८ साली इस्लाम स्वीकारला होता, म्हणून इमामांनी प्रार्थना केली, आणि देशाचे राष्ट्राध्यक्ष हजर होते. ज्या देशात कोवळ्या वयात चर्चच्या सुधारगृहात तिला ठेवलं होतं, तोच हा देश. तिच्या आयुष्यावर २०२२ साली ‘नथिंग कम्पेअर्स’ नावाचा माहितीपट आला. त्यात ते गाणं नाही, कारण प्रिन्सच्या वारसांनी परवानगी दिली नाही. गाणं कागदोपत्री कुणाचं, हे कायदा ठरवतो आणि तो हक्क त्यांचाच आहे. पण व्हिडिओतला चेहरा तिचाच होता आणि तो कुणालाही काढून घेता आला नाही.

मराठीत सिंगल्स काढणाऱ्या कंपन्यांना आणि तरुण दिग्दर्शकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पुढचं गाणं कराल तेव्हा लोकेशन शोधायच्या आधी गायिकेला बोलवा. तिला कसं दिसायचंय ते तिलाच विचारा, वेणी, मोकळे केस, नऊवारी, जीन्स, चष्मा, काहीही. एक पूर्ण टेक फक्त तिच्या चेहऱ्याचा घ्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि संकलनाला बसाल तेव्हा आधी तो बघा. आणि गायिकांनो, तुमच्या आवाजावर दुसरी कुणी ओठ हलवणार असेल तर करारावर सही करू नका. चेहरा आणि नाव दोन्ही मागून घ्या. ते तुमच्या हक्काचं आहे.